दुनळी आणि बाराशेचा पॉलिश पेपर

दादांना मी 'तुम्ही' म्हणतो, आणि भांडायच्या वेळी ही मोठी अडचण होते. माणसाशी नीट भांडायचं तर अरेतुरे पाहिजे. 'दादा, तुम्ही जरा ऐकून घेता का' असं म्हणेपर्यंत निम्मा राग गळून जातो, उरलेला घरी घेऊन यावा लागतो, आणि मग तो बायकोवर निघतो. दादा माझे थोरले भाऊ, बारा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, तेव्हा मला वाढवलं, शिकवलं ते त्यांनीच. त्यामुळे अरेतुरे या जन्मात तरी शक्य नाही.

गेल्या वर्षी मात्र या माणसानं मला अगदी नकोसं करून सोडलं, आणि निमित्त झालं घरातल्या बंदुकीचं.

आमचं गाव कवठे येमाई. दादा आणि वहिनी तिथं शेतावर राहतात. मी शिक्रापूरला, हायवेपासून दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावर. जवळच्याच एका कारखान्यात अडतीसेक वर्षं क्वालिटीत काढली आणि रिटायर झालो. क्वालिटीत काम काय, तर आलेला नग हातात घ्यायचा, भिंगाखाली धरायचा, ओरखडा दिसला की लाल ठिपका लावून बाजूला टाकायचा. लोकांच्या चुका शोधून मी संसार चालवला. माझ्या नजरेतून केसाएवढा ओरखडा सुटत नाही, असं आजवर ज्याला त्याला सांगत आलो.

बंदूक गावच्या घरात, मधल्या खोलीत, भिंतीतल्या दोन खुंट्यांवर आडवी असायची. दुनळी, बारा बोअरची, आजोबांपासून चालत आलेली. परवाना पीकसंरक्षणाचा, आधी वडिलांच्या नावावर, मग दादांच्या. माझ्या आठवणीत ती एकदाच वाजली. उसात रानडुकरं शिरली होती. डुकरं कुठं गेली ते कुणाला कळलं नाही, पण आमच्या म्हशीनं तीन दिवस दूध दिलं नाही, आणि आईनं बंदूक वाजवायची सगळ्यांना बंदी केली. त्यानंतर तिला कामं उरली दोन. निवडणूक लागली की शिरूरला जाऊन ठाण्यात जमा व्हायचं आणि निकालानंतर पावती दाखवून घरी यायचं. आणि खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, विळा-खुरपं-कुऱ्हाडीच्या रांगेत पाटावर बसून हळदकुंकू लावून घ्यायचं.

त्या दिवशी तिला घासूनपुसून लख्ख करायचं काम माझं. कारखान्यात सकाळी मशीनची पूजा व्हायची, पेढा हातावर पडला की मी गाडीला किक मारून गावाकडं निघायचो. खिशात बाराशे नंबरचा पॉलिश पेपर. बाराशेचा पेपर इतका बारीक असतो की गालावर फिरवला तरी लागत नाही. अंगणात पोतं टाकायचं, बंदूक खोलायची, दोन तास घासायची, तेलाचा हात मारायचा. दादा शेजारी तेलाची वाटी धरून बसायचे. चाळीस वर्षं हे चाललं. नळ्या अशा चमकायच्या की वहिनी म्हणायच्या, भावजी, ह्यात बघून मला भांग पाडता येईल. मला या कामाचा अभिमान होता. उगाच खोटं कशाला बोला, फार अभिमान होता.

तर परवान्याचं नूतनीकरण आलं. अर्जाबरोबर डॉक्टरचा दाखला लागतो. दादांचं वय चौऱ्याहत्तर, उजवा हात थरथरतो. चहाची बशी वाजायला लागली की वहिनी गुपचूप कप काढून घेतात. डॉक्टरनं जे दिसलं ते लिहिलं. कचेरीतला क्लार्क भला माणूस होता. त्यानं दादांना खुर्ची दिली आणि नीट समजावून सांगितलं, की या दाखल्यावर परवाना पुढं चालणार नाही. बंदूक परवाना असलेल्या दुकानात जमा करा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर करून घ्या.

दुसरं कुणी म्हणजे मीच. दादांना एक मुलगी, ती लग्न होऊन लांब गेलेली. मी क्लार्कला म्हटलं, अहो, मी फ्लॅटमध्ये राहतो, आमच्या सोसायटीत कुत्रं पाळायचं तर मीटिंग बोलवतात, बंदूक कुठं नेऊ? क्लार्क हसला. दादा हसले नाहीत.

"बंदूक घरातनं हलायची न्हाई," ते म्हणाले. "फ्लॅटात न्हाई आन् दुकानात बी न्हाई."

"दादा, तुम्हाला ती आता उचलवत नाही."

"उचलायची कशाला? भिताडावर हाय ती."

क्लार्कला दादांची दया आली असावी. त्यानं तिसरी वाट सांगितली, आणि त्यापायी त्या भल्या माणसाला मी पुढं महिनाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या. तो म्हणाला, बंदूक फारच जुनी असेल, पुराणवस्तूत मोडण्यासारखी, आणि चालण्यासारखी राहिली नसेल, तर ती घरी ठेवण्यासाठी वेगळा अर्ज करून बघता येतो. पण ती कुठली, कुणी बनवली, किती जुनी, हे जाणत्या माणसानं तपासून लेखी द्यायला हवं.

दादांचा चेहरा एकदम उजळला. "जुनी तर हायच की. आज्याला गोऱ्या सायबानं दिलती."

या गोऱ्या साहेबाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. त्याच्यावर बिबट्या झेपावला, आजोबांनी मध्ये काठी घातली, साहेबानं खूश होऊन बंदूक दिली. साहेबाचं नाव काय, तर साहेब. गाव कुठलं, तर विलायत. हे मी कचेरीत बोललो नाही, पण क्लार्कनं ते सगळं कागदावर लिहून घ्यायला सुरुवात केली तेव्हा मला घाम फुटला.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आमच्याकडं उंटावरच्या शहाण्यांचा तुटवडा कधीच नव्हता. एका आबांनी नळीला डोळा लावला आणि निकाल दिला, पेशवाईतली. मी म्हटलं, आबा, पेशवाईत असलं काडतूस नव्हतं. तर म्हणाले, तुला काय म्हाईत, तू तवा व्हतास का? दुसरे एक मामा म्हणाले, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात अशीच एक बंदूक आली होती, तिचे बारा लाख झाले. आठवड्याच्या बाजारात? मेथीच्या जुड्यांशेजारी? व्हय तर, म्हणाले, तिथंच. जुन्या वस्तूंच्या एका दलालाचा मला फोन आला. त्यानं बंदूक बघितली नव्हती, फोटोही बघितला नव्हता, तरी 'ॲन्टिक है, मैं लेगा' म्हणून तयार. परवान्याशिवाय घेणारा आणि देणारा दोघंही आत जातात, असं मी त्याला सांगितल्यावर त्यानं फोन उचलणं बंद केलं. सुंठीवाचून खोकला गेला.

मग मी मोबाईलच्या नादी लागलो. फोटो काढला की वस्तू कोणती ते ओळखून सांगतो म्हणतात. त्यानं आमची बंदूक ओळखली ती सायकलचा पंप म्हणून. उन्हात नेऊन पुन्हा धरली, तर म्हणाला पडद्याचा रॉड. इतकी चकचकीत होती बिचारी. दादा ओट्यावरून म्हणाले, "त्या फोनलाच इचार की सायबाचं नाव."

शेवटी मी माझं डोकं चालवलं. आमच्याकडं बनणाऱ्या प्रत्येक नगावर कुठंतरी खूण ठोकलेली असायची. कुणी बनवला, कधी बनवला, कुणी तपासला. बंदुकीलाही ते असणारच. भिंग काढलं आणि नळ्या दोन्ही बाजूंनी इंच इंच बघितल्या. काही नाही. नितळ. मी दादांना म्हटलं, "ह्याच्यावर एक अक्षर नाही. गावठी लोहाराचं काम दिसतंय. तुमच्या साहेबानं आजोबांना गंडवलं."

एरवी साहेबाच्या बाजूनं तासभर भांडणारा माणूस, उठून गोठ्याकडं गेला. मला वाटलं, हरले.

क्लार्कला दौंडचे एक आर्मरर माहीत होते. आर्मरर म्हणजे पोलिसांची हत्यारं दुरुस्त करणारे. ते आता निवृत्त होऊन दौंडलाच राहत होते आणि सगळे त्यांना उस्ताद म्हणत. क्लार्कनं बंदूक तिथवर नेण्याचं पत्र दिलं, आणि जानेवारीतल्या एका सकाळी मी माझी छोटी गाडी घेऊन कवठ्याला गेलो. वहिनींनी भाकरी, ठेचा आणि शेंगांची चटणी एवढी बांधून दिली की जणू आम्ही काशीला निघालो होतो. बंदूक गोधडीत गुंडाळलेली. दादा ती मांडीवर घेऊन मागं बसले, नातवाला डॉक्टरकडं न्यावं तसे.

न्हावऱ्यामार्गे निघालो. उसाचा हंगाम, त्यामुळे रस्त्यात दर फर्लांगावर ट्रॅक्टर, मागं दोन दोन ट्रॉल्या, आणि वर मोठ्यानं गाणी. ओव्हरटेक करायला जावं तर ऊस काचेवर घासतो. अशात दादा मागून सारखं सांगत, हळू घे, तिला धक्का बसंल. मी म्हटलं, "दादा, ती लोखंडाची आहे."

थोड्या वेळानं मीच विचारलं, "समजा ते म्हणाले, पाच लाखांची आहे. विकाल?"

"न्हाई."

"दहा?"

"इकायची न्हाई ती."

"मग किंमत कशाला काढायला चाललोय आपण?"

"ऱ्हावी म्हनून," दादा म्हणाले.

हा हट्ट मला कळेना. चौऱ्याहत्तरीच्या माणसाला एका न चालणाऱ्या बंदुकीचं काय एवढं? गावात मिरवायला म्हणावं, तर दादा मिरवणाऱ्यातले नाहीत. बिबट्याची भीती म्हणावी, तर शेजारच्या उसात बिबट्यानं पिल्लं घातली तेव्हासुद्धा वहिनी बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊनच बाहेर पडत. मला वाटलं, म्हातारपणचा हेका, दुसरं काय.

उस्तादांचं घर रेल्वेच्या बाजूला होतं. गाडी आली की बोलणं थांबवायचं, गाडी गेली की पुढं चालू, अशी त्यांना सवय झालेली. माणूस बारीक, सत्तरी ओलांडलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी आधी हात धुतले. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. बंदूक बिजागरीत उघडून नळ्या रिकाम्या आहेत याची स्वतः खात्री केली. मग नळ्या काढून एका बोटावर टांगल्या आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं टिचकी मारली. देवळातल्या लहान घंटेसारखा आवाज आला.

"जोड शाबूत आहेत," ते म्हणाले. दादांनी माझ्याकडं बघितलं, बघ म्हणाल्यासारखं.

त्यांनी नळ्यांतून खिडकीच्या उजेडाकडं बघितलं. बाहेरच्या बाजूला असलेले दोन घोडे मागंपुढं करून बघितले. असे बाहेर घोडे म्हणजे जुनी पद्धत, असं म्हणाले. दादा खुर्चीत पुढं सरकले. मग उस्तादांनी नळ्या उलट्या केल्या, बुडाजवळचा सपाट भाग खिडकीशी नेला, तिरका केला, परत तिरका केला. चष्मा पुसला. दोन नळ्यांच्या मधली पट्टी बोटानं चाचपली. एक मालगाडी आली आणि सगळे डबे मोजून होतील एवढा वेळ जात राहिली. ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "हे घासलं कुणी?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मी. दरवर्षी. बाराशेच्या पेपरनं."

"तुम्ही काय काम करत होता?"

"क्वालिटीत होतो."

उस्तादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग ते जे बोलले ते एखाद्या आजाऱ्याच्या नातेवाइकांशी बोलावं तसं, सावकाश बोलले. या नळ्या ओतीव नाहीत, लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या आहेत. त्यावर मुद्दाम तपकिरी रंग चढवतात आणि त्यात पिळाची नक्षी उठून दिसते. जाणकार ती नक्षी बघून वेडे होतात. त्यांनी पुढच्या लाकडाखालचा एक कोपरा दाखवला, करंगळीच्या नखाएवढा. तिथं माझा पेपर पोचला नव्हता. तपकिरी रंगावर बारीक वळणं होती, अगदी सुरेख. सबंध बंदूक अशी होती, ते म्हणाले. आणि बुडाच्या सपाट भागावर तपासणीचे ठसे असतात, कुठल्या शहरात तपासली, कितीचा बोअर. मधल्या पट्टीवर बहुतेक बनवणाऱ्याचं नाव.

"ते ठसे असते तर मी तुम्हाला बसल्या बसल्या सगळं सांगितलं असतं. आता सातबारा फाटलेल्या जमिनीसारखं झालंय. जमीन आहे, पण कुणाची, कधीपासून, कसं सांगू?"

मला तेव्हा आठवलं. पहिल्या वर्षी, मी नुकताच कामाला लागलो होतो, नळ्यांच्या बुडाशी मुंगीएवढी अक्षरं होती. मुकुटासारखं काहीतरी होतं. आणि मी काय केलं, तर ओरखडे समजून जाड पेपर घेतला. बाराशेचा नंतर आला, सुरुवातीला दोनशेवीसचाच होता. लाल ठिपका लावायचा तर माझ्या कपाळावर लावायला हवा होता.

एवढ्यावर भागलं नाही. उस्तादांनी परवाना उघडला, त्यावरचा नंबर वाचला आणि बंदुकीवर नंबर शोधायला लागले. "नंबर घासलेली बंदूक घरात सापडणं म्हणजे काय, माहीत आहे ना?" असं म्हणाले. ठाण्यात दर निवडणुकीला कुणीतरी नंबर बघतच असणार, हे तेव्हा सुचलंसुद्धा नाही. म्हातारपणी जेलात जाणार आणि तेही सफाई केली म्हणून, एवढंच डोक्यात. शेवटी चापाच्या कडीच्या मागं, जिथं माझं जाडं बोट शिरत नव्हतं तिथं, नंबर निघाला. मी पाणी मागून प्यायलो.

उस्तादांनी माघार घेतली नाही, हे त्यांचं मोठेपण. खडू उगाळून त्याची पूड बुडाला चोळली, फुंकली, भिंग लावलं. अर्धी लंबगोल रेघ दिसली आणि तिच्यात एक इंग्रजी अक्षर, जी असावं. "असा लंबगोल ठसा बेल्जियमचा असतो. तिथली असण्याचा संभव आहे," ते म्हणाले. "त्या काळी तिकडून पुष्कळ यायच्या."

दादांचं तोंड उतरलं. मग त्यांनी विचार केला. "बेल्जियम म्हंजी विलायतच की."

"तसं म्हणायला हरकत नाही," उस्ताद म्हणाले. "माझ्या मते हिचं वय शंभराच्या वर आहे. पण 'माझ्या मते' असं लिहून सही करता येत नाही. असल्या नळ्या आताच्या काडतुसाला टिकत नाहीत, त्यामुळे चालवायच्या लायकीची नाही, हे मी लिहून देतो. वय नाही लिहू शकत. आणि किंमत म्हणाल, तर ही मळकी, तपकिरी, जशी होती तशी आणली असती तर कुणीही हौशी माणूस मागं लागला असता. आता लोखंडाची किंमत आणि तुमची श्रद्धा."

फी विचारली तर त्यांनी घेतली नाही. दादांना आधार देऊन पायरी उतरवली आणि मला हळूच म्हणाले, "साहेब, घरात तांब्यापितळेची जुनी भांडी असतील तर त्यांना तरी हात लावू नका."

परतताना न्हावऱ्याला दादांनी चहाला थांब म्हटलं म्हणून थांबलो. टपरीपुढं दोन खुर्च्या टाकल्या. गाडी समोर, आत गोधडीतली बंदूक दिसेल अशी. मला स्वतःचा एवढा संताप आला होता की तो कुणावर तरी काढल्याशिवाय चहा गिळवत नव्हता. आणि समोर एकच माणूस होता.

"दादा, तुम्ही दरवर्षी शेजारी बसायचात. तुम्हाला ती अक्षरं कधी दिसली नाहीत?"

"दिसली की," दादा म्हणाले. "चांगली व्हती. वर मुकुट व्हता. आधी मुकुट गेला. मंग दोन-तीन सालानं अक्षरं गेली."

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत? एक शब्द. नको घासू, एवढाच. मी गाढव, मला कळलं नाही. पण तुम्ही तेलाची वाटी धरून बघत बसलात? आज ती अक्षरं असती तर बंदूक घरात राहिली असती. तुम्हीच म्हणत होतात ना, हलायची नाही, हलायची नाही?"

दादांनी कप दोन्ही हातांनी धरला, म्हणजे वाजत नाही. चहा संपवला. मग रस्त्याकडं बघत बोलले.

"दिवाळीला तू सासरी जायचास. येमाईच्या यात्रेला तुला रजा नसायची. मे महिन्यात पोरांचं क्लास. आईच्या वर्षश्राद्धाला तू आलास, जेवलास, आन् हात वाळायच्या आत गेलास. मी काय म्हनत न्हाई, तुला नोकरी व्हती. खंडेनवमीला तेवढा यायचास. पेपर घिऊन यायचास आन् दोन तास बसायचास." त्यांनी टोपी सारखी केली. "घासू नगं म्हनलं असतं, तर काय केलं असतंस तू?"

मी खरं उत्तर शोधलं, आणि ते लगेच सापडलं. पेढा खाऊन शिक्रापूरला गेलो असतो. मित्रांबरोबर पत्ते खेळलो असतो. गावी कशाला जायचं, काम काय तिथं, असं म्हणालो असतो.

मला लाज वाटली. बंदुकीची नाही, ती गेली तर गेली. चाळीस वर्षं मी गावी बंदूक घासायला जातोय असं समजत होतो, आणि हा माणूस शेजारी बसून एकेक अक्षर जाऊ देत होता. नगावरचा केसाएवढा ओरखडा मला दिसायचा आणि हे दिसलं नाही. आणि खरं सांगतो, लाज वाटूनही राग गेला नव्हता. सरळ फोन करून ये म्हणायला काय झालं होतं? पण तसं म्हणणारा माणूस असता तर तो दादा नसता.

"तरी सांगायला पाहिजे होतं तुम्ही," मी म्हटलं.

"न्हाई सांगितलं. झालं," दादा म्हणाले. "चल, धारेची येळ झाली."

अर्ज केला, उस्तादांचं पत्र जोडलं. वय लिहिलेलं नसल्यामुळे जे व्हायचं तेच झालं, आणि त्यात कुणाची चूक नव्हती, माझ्याशिवाय. होळीच्या आधी आम्ही पुण्याला एका परवानाधारक दुकानात बंदूक जमा केली. दुकानदारानं पावती देताना नळ्यांकडं बघून तेच विचारलं, कुणी घासली हो ही? या वेळी मी गप्प बसलो. दादा म्हणाले, "घरच्याच मान्सानं." पावती त्यांनी घडी करून टोपीत ठेवली. घरी आलो तर भिंतीवर दोन खुंट्या आणि त्यांच्यामध्ये बंदुकीच्या आकाराचा चुन्याचा पांढरा पट्टा. वहिनींनी तिथं कॅलेंडर लावायला घेतलं, दादांनी लावू दिलं नाही.

यंदा खंडेनवमीला मी सकाळीच निघालो. रिटायर झाल्यापासून कुठल्या मशीनची पूजा नाही आणि पेढा नाही. बायकोनं विचारलं, बंदूक नाही, मग जाऊन करणार काय? मी म्हटलं, मला तरी काय माहीत. पॉलिश पेपर घेतला नाही. हात रिकामे असल्यामुळे वाटेत दोनदा खिसे चाचपले.

पोचलो तर अंगणात पोतं टाकलेलं होतं. त्यावर एक विळा, एकच, आणि बाजूला तेलाची वाटी. वाटीशेजारी कोरा करकरीत पॉलिश पेपर. मी उचलून मागं बघितलं. साठ नंबरचा. साठच्या पेपरनं भिंती घासतात, रंग देण्याआधी.

"दादा, हा भिंतीचा आहे."

"दुकानात त्योच व्हता. घासतुया न्हवं?"

"घासतो, पण ओरबाडतो."

"मंग ओरबाड," दादा म्हणाले, आणि वाटी हातात घेऊन पोत्याच्या कडेला बसले. तेल थोडं सांडलं.

मीही बसलो. विळ्याचं काम दहा मिनिटांचं होतं. मी दोन तास घासत बसलो.